शेपूट आलं का?

आमच्या डोंगर मंडळात माणसं मोजत नाहीत. पूर्वी मोजायची. पण दर वेळी वेगळा आकडा यायचा, कारण मोजणारा कधी स्वतःला धरायचा, कधी विसरायचा, आणि नेमक्या त्याच वेळी कुणीतरी बूट बांधायला खाली वाकलेलं असायचं. एकदा एक माणूस जास्त भरला. तो कोण, यावर परतीच्या वाटेवर इतका वाद झाला, की ज्याच्यावर शेवटी संशय गेला तो मंडळाचा संस्थापक सभासद निघाला. तेव्हापासून मोजणं बंद झालं आणि सोपी पद्धत आली. ओळीच्या शेवटी एक भरवशाचा माणूस ठेवायचा. डोक्याला नारिंगी टोपी. त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. मुक्कामाला पोचलं की एवढंच विचारायचं, "शेपूट आलं का?" ते आलं असेल तर सगळे आले. मग चहाचं पातेलं उतरवायचं.

हे शेपूट म्हणजे बाजारामागच्या गल्लीत सोफे दुरुस्त करणारे गृहस्थ. दुकानात एक मोठं टेबल, काथ्याचे ढीग, फोमच्या लाद्या आणि पोटातल्या स्प्रिंगा बाहेर काढून बसलेला कुणाचा तरी सोफा, कायमचाच. दिवसभर लोकांना मऊ बसता यावं म्हणून राबायचं आणि स्वतः पालथ्या खोक्यावर बसायचं, हा त्यांचा धंदा. तोंडात सतत बारीक खिळे धरलेले. एकेक काढायचा आणि ठोकायचा. त्यामुळे ओठ न उघडता बोलायची सवय लागलेली. आनंद झाला तरी "हं", गिऱ्हाईक भांडलं तरी "हं". खिळे नसले तरी तेच.

शेपूट म्हणून मात्र या माणसाला तोड नव्हती. पुढचा कुणी धापा टाकायला लागला, की यांच्या बुटाची नाडी सुटायची. ते शांतपणे खाली बसून ती बांधायचे, सोडायचे, परत बांधायचे. दमलेल्याला वाटायचं, आपण या बिचाऱ्यासाठी थांबलोय. एखाद्याचा दम फारच लांबला, तर शेपूटराव झाडाकडे बोट दाखवत.

"पक्षी."

"कुठाय?"

"गेला."

एवढ्यात दोन घोट पाणी पिऊन होई, आणि मंडळी पुन्हा चालू लागत.

या कर्तबगारीचं फळ म्हणजे शेपूटराव माथ्यावर पोचत तेव्हा बाकीच्यांचे डबे खाऊन, डुलक्या काढून, फोटो काढून झालेले असत आणि उतरायची घाई चाललेली असे. मंडळाच्या इतक्या वर्षांच्या एकाही फोटोत ते नाहीत. चहासुद्धा त्यांच्या वाट्याला तळातला यायचा, अर्धा चहा आणि अर्धी पत्ती. त्याबद्दल ते काही बोलल्याचं कुणाला आठवत नाही. "हं" म्हणाले असतील.

मग त्यांचा उजवा गुडघा बिघडला.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, "चढायचं तर चढा. उतरायचं नाही."

"मग खाली कसा येऊ?"

"म्हणूनच म्हणतो."

मंडळात याचा कुणाला पत्ता लागला नाही. पुढे चालणाऱ्याचा गुडघा दुखला तर तो मागे पडतो आणि सगळ्यांना कळतं. शेवटी चालणारा मागे पडून पडून पडणार कुठे? उलट शेपूटराव आताशा फारच सांभाळून घेतात, असं त्यांचं कौतुक व्हायला लागलं. नाडी पूर्वी लोकांसाठी सुटायची, आता स्वतःसाठी सुटत होती. एकदा तर त्यांनी लागोपाठ इतके पक्षी दाखवले, की एका नवीन सभासदाने दुर्बीण विकत घेतली.

खरं काय ते फक्त वहिनींना ठाऊक. वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. दुकानातल्या शिलाई मशीनवर सोफ्यांची कव्हरं शिवतात. डोंगरावर त्या कधी आल्या नव्हत्या. "घरचा जिना रोज चढते. वर नवीन काही नसतं," हे त्यांचं गिर्यारोहणाबद्दलचं मत.

"अहो, सांगून टाका मंडळात," त्या म्हणत.

"सांगून काय होईल?"

"बसवतील तुम्हाला."

"तेच."

बसवतील म्हणजे काय, हे त्यांना नीट माहीत होतं. ज्याचे पाय गेले त्याला आमचं मंडळ सल्लागार करतं. हार घालतं, सभेत एक गादीची खुर्ची देतं, आणि मग त्याचा सल्ला कधीही घेत नाही. त्या खुर्च्यांच्या गाद्या शेपूटरावांनीच भरल्या होत्या. आठवडाभर ते गल्लीतले सोफेवाले. सुट्टीच्या दिवशी एका अख्ख्या डोंगराचा शेवटचा माणूस. ती नारिंगी टोपी गेली, की उरणार पालथं खोकं.

अशात वर्षाची मोठी सहल आली. एका बाजूने डोंगर चढायचा, माथ्यावर तंबूत राहायचं, दुसऱ्या दिवशी पलीकडे उतरून नदीकाठी मुक्काम. उतार मोठा. वहिनी म्हणाल्या, "मी येते." शेपूटरावांनी तोंडातले सगळे खिळे बाहेर काढले, इतका हा धक्का होता.

बेत वहिनींचा. सामानाचा टेम्पो कच्च्या रस्त्याने माथ्याखालच्या खिंडीपर्यंत येतो आणि तंबू भरून वळसा घालत नदीकाठी जातो. शेपूटरावांनी गुपचूप टेम्पोत बसायचं. टोपी घालून वहिनी शेवटून चालणार. मुक्कामाच्या अलीकडे, जिथे पायवाट रस्त्याला मिळते, त्या वळणावर शेपूटरावांनी टेम्पोतून उतरून झाडामागे थांबायचं. सगळे पुढे गेले आणि वहिनी आल्या, की टोपी परत डोक्यावर.

"कुणी मागे वळून पाहिलं तर?" त्यांनी विचारलं.

"इतक्या वर्षांत कुणी पाहिलंय?"

"हं."

चढ त्यांनी निभावला. दुसऱ्या दिवशी मंडळी उतरायला लागली आणि ते टेम्पोत चढले. ड्रायव्हरला विश्वासात घेतलं होतं. मागे गुंडाळलेल्या तंबूंचा ढीग होता. शेपूटराव त्यावर टेकले. आपण न भरलेल्या मऊ वस्तूवर बसण्याचा त्यांना सराव नव्हता. वळण येण्याआधीच त्यांना झोप लागली. ड्रायव्हर सहृदय माणूस. वळणावर त्याने मागे पाहिलं आणि याला उठवणं म्हणजे पाप आहे असं ठरवून गाडी थेट नदीकाठी नेली.

शेपूटराव जागे झाले ते मुक्कामावर. लंगडत वळणाकडे निघणार, एवढ्यात झाडीतून इंजिन आलं.

इंजिन हा आमचा पहिला माणूस. कर कचेरीत कारकून आहे. तिथे त्याच्या टेबलावरचा कागद शेजारच्या टेबलावर जायला ऋतू बदलावा लागतो, पण डोंगरात तो कुणाला पुढे जाऊ देत नाही. आजवर कुठल्याही मुक्कामाला त्याच्या आधी माणूस पोचलेला नाही. त्याने शेपूटरावांना पाहिलं आणि तो जागच्या जागी उभा राहिला.

"तुम्ही आलात?"

"हं."

"म्हणजे सगळे आले."

"तसं नाही..."

"राहू द्या, शेपूटराव. समजूत घालू नका." त्याने नदीकडे नजर टाकली; मंडळी तिकडे हातपाय धूत असणार, असा त्याचा समज. मग तो एका दगडावर बसला आणि बूट काढायला लागला. "मधे एकदा पाणी प्यायला थांबलो," तो म्हणाला. "तेव्हाच गेले असतील."

मागून दोघे-तिघे करत लोक येऊ लागले. जो येई तो शेपूटरावांना पाहून ओशाळे. "माफ करा हं, फार उशीर झाला," असं म्हणत प्रत्येकजण मुकाट्याने कामाला लागे. तंबू इतक्या झटपट कधीच उभे राहिले नव्हते, कारण उभारणारा प्रत्येक माणूस आपण शेवटचे आलो या समजुतीत होता आणि मागून कोण येतंय हे पाहायला लाजेने मान वर करत नव्हता. शेपूटराव वाटेकडे तोंड करून उभे राहिले. ही आली की झाडामागून खूण करू, टोपी घेऊ, कुणाला काही कळणार नाही.

इंजिनाने दुःख आवरून रीतसर विचारलं, "शेपूट आलं का?"

"आलं," सगळे म्हणाले.

पातेलं उतरलं. शेपूटरावांच्या हातात पातेल्यातला पहिला कप आला. वरचा, निखळ, पत्तीचा कण नसलेला चहा. तो हातात तसाच राहिला. डोंगराची सावली नदीच्या पलीकडे सरकली, वाट झाडीत दिसेनाशी होऊ लागली, आणि तिच्यावर कुणीही नव्हतं. आणखी थोडं थांबलं तर वहिनी येतीलही, आणि टोपी वाचेल. नाही आल्या, तर अंधारात डोंगरावर त्या आहेत, आणि त्यांच्या पुढे कुणी थांबलं असेल तर तोही. इथे तर कुणाला काळजीच नाही, कारण शेपूट आलेलं आहे.

त्यांनी कप खाली ठेवला.

"शेपूट आलेलं नाही."

सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले. "अहो, तुम्ही तर इथे आहात," इंजिन म्हणालं.

"मी टेम्पोतून आलो. गुडघा गेलाय माझा, बरेच दिवस झाले. टोपी आमच्या हिच्याकडे आहे. ती अजून वर आहे, म्हणजे आणखी कुणीतरी वर आहे."

एवढं लांब भाषण त्यांनी उभ्या हयातीत केलं नव्हतं. लोक एकमेकांची तोंडं पाहू लागले, आणि तेव्हा कुठे ध्यानात आलं, की अध्यक्षीणबाई नाहीत. बाई दातांच्या डॉक्टर. तंबूत पडल्या असतील असं प्रत्येकाला वाटत होतं.

इंजिनाच्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र फिरत होतं. "म्हणजे मी पहिला आलो?"

"हो."

त्याने बूट चढवले, बॅटरी घेतली आणि बाकीचे उठेपर्यंत झाडीत शिरलासुद्धा.

फार वर जावं लागलं नाही. ओढ्यापाशी खडकावर डॉक्टरीणबाई एक पाय मोकळा सोडून बसल्या होत्या. बुटाचा तळ टाचेपासून सुटला होता आणि त्याने तपासणीला बसलेल्या पेशंटसारखा आ वासला होता. समोर नारिंगी टोपीतल्या वहिनी तो बूट मांडीवर घेऊन शिवत होत्या. टोपीबरोबर शेपूटरावांची पिशवीही त्यांच्याकडे आली होती, आणि तिच्यात सोफ्याची वाकडी सुई आणि जाड दोरा कायम असतो.

"कधीच्या म्हणताहेत, हलू नका, जवळजवळ झालंच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हेच मी रोज लोकांना सांगते."

"वहिनी, तुम्ही पुढे यायचं, कुणाला तरी सांगायचं," इंजिन म्हणालं.

"बाईंनीही तेच सांगितलं. मी म्हटलं, मी पुढे गेले तर मग ही टोपी कशाला घातलीय?" वहिनींनी दोरा दातांनी तोडला. "चला. तुम्ही पुढे व्हा. माझ्या मागे कुणी राहायचं नाही."

वळणावर शेपूटराव उभे होते. तिथवर लंगडत आले होते. बाकीचे गेले, मग वहिनी आल्या.

"इथेच उतरायचं ठरलं होतं ना?"

"झोप लागली."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या, आणि टोपी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही.

पुढच्या सभेत अपेक्षेप्रमाणे कुणीतरी सल्लागाराच्या खुर्चीची सूचना मांडली. शेपूटराव म्हणाले, "ती मीच भरलीय. आत काय आहे मला माहीत आहे." मग डॉक्टरीणबाईंनी निकाल दिला: टोपी वहिनींकडे. शेपूटरावांनी सामानाबरोबर टेम्पोतून जायचं, मुक्कामावर पाणी ठेवायचं, आणि शेपूट आलं का याचं उत्तर यापुढे एकट्या त्यांनीच द्यायचं. ते "आलं" म्हणेपर्यंत पातेल्याला कुणी हात लावायचा नाही.

"जमेल?" बाईंनी विचारलं.

"हं."

लोक सांगतात, की पूर्वीचे शेपूटराव फार प्रेमळ होते. आता दमून आलेली माणसं पातेल्याभोवती घुटमळतात, कुणी म्हणतं, "अहो, दिसताहेत त्या, ती काय टोपी," आणि हे म्हणतात, "दिसणं वेगळं, येणं वेगळं." चहा उकळून उकळून काळा होतो. पण पहिला कप काढून वर बशी झाकलेली असते. वहिनी येतात, बशी उचलतात, प्यायच्या आधी कपात पाहतात आणि दर वेळी म्हणतात, "पत्तीच नाही. शेपटाचा चहा असा असतो होय?"

नव्या व्यवस्थेतल्या पहिल्या सहलीत इंजिनाने मुक्कामावर फोटो काढला. मंडळाच्या इतिहासात शेपूटराव असलेला हा पहिलाच फोटो. सगळे समोर बघून हसताहेत. शेपूटरावांचं डोकं तेवढं हललंय, कारण नेमकी त्याच वेळी मागच्या झाडीत नारिंगी टोपी दिसली होती. फोटो दुकानात टेबलावर लावला आहे.

"इतक्या वर्षांनी फोटोत आलात," वहिनी मशीनवरून म्हणाल्या, "आणि तोंड फिरवलंत."

त्यांच्या तोंडात खिळे होते.