मैलापाण्यावरचे पाणलावे

आमच्या पाणथळ केंद्रात यायच्या आधी आयरिस टॉनकिन शाळेची बस चालवायची. मुलांवर ओरडायची सवय तिथलीच. "एऽ, चिखल बुटात गेला ना? मग आलास खरा तळ्यावर!" असं म्हणत ती पोरांना काठावर उतरवायची.

पाणलावे, म्हणजे लांब चोचीची पाणथळीतली पाखरं, दर वर्षी जपानमधल्या होक्काइडोहून ऑस्ट्रेलियातल्या आमच्या व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर येतात. तिकडेही आमच्यासारखंच एक केंद्र आहे. तिथल्या कुवाबारा सेत्सुकोशी आयरिसचं ठरलं होतं: पाखरं निघाली की सेत्सुकोने कळवायचं, पोचली की आयरिसने. मग दोन्हीकडची मुलं पडद्यावर एकमेकांशी बोलायची.

सेत्सुकोने एकदा विचारलं, "आमच्याकडे नर आभाळातून गडगडत झेपावतो. तुमच्याकडे येऊन गप्प का बसतो?"

"इथे तो नुसता खातो आणि जाड होतो," आयरिस म्हणाली. "सुट्टीत माझा नवरा तेच करतो."

एका वर्षी पाऊस झालाच नाही. तळं आटलं. पाखरं निघाल्याचा निरोप येऊन बरेच दिवस झाले, तरी इथे एकही दिसेना. मुलांच्या बोलण्याचा दिवस आला, तेव्हा आमचा व्यवस्थापक ग्रँट म्हणाला, "गेल्या वर्षीचं चित्रीकरण लाव की. पोरांना काय कळतंय?"

"तूच लाव. आणि बोल पण तूच."

आयरिस फोन घेऊन थेट तळ्याच्या तळाशी उतरली आणि भेगाळलेली जमीन दाखवू लागली. पलीकडच्या वर्गातल्या एका मुलीने जपानीत काहीतरी विचारलं. सेत्सुकोने सांगितलं, "ती विचारतेय, पाखरं मेली का?"

"मला माहीत नाही, बाळा," आयरिस म्हणाली. "शोधते आणि सांगते."

तिने किनाऱ्यावरच्या सगळ्या केंद्रांना फोन लावले. कुणीच पाणलावे पाहिले नव्हते. शेवटी एकीने ऐकीव बातमी दिली: शेजारच्या गावाच्या मैलापाण्याच्या तळ्यांवर असतील. आयरिस परवानगी काढून तिथे गेली आणि नाकाला रुमाल बांधून गवतात बसून राहिली. पाणलावे होते. चांगला थवाच होता.

"सापडले!" पुढच्या वेळी ती पडद्यावर म्हणाली. "गावाच्या संडासाच्या पाण्यात मजेत आहेत." सेत्सुकोने ते जपानीत सांगितलं आणि पोरं बाकांवर लोळून हसली. तो प्रश्न विचारणारी मुलगी सगळ्यात जोरात.

पुढल्या वर्षी सेत्सुको स्वतः आली. आम्ही केंद्र झाडूनपुसून ठेवलं होतं. पण ती म्हणाली, "आधी ते घाण पाणी दाखवा."

त्या तळ्यांकाठच्या गवतात पाणलावे लपतात, आणि पालिका ते ऐन मोसमात कापायची. ते थांबवा, असा अर्ज दोन्ही केंद्रांनी मिळून केला. खाली होक्काइडोच्या पोरांच्याही सह्या होत्या. पालिकेने थोडी कुरकुर केली, पण मानलं. आता पाखरं माघारी गेल्यावरच तिथे गवत कापतात.