दोन्हीकडचा कागद

सकाळपासून माझं कशातच चित्त लागत नव्हतं. आदिलाबादला लागून असलेल्या मावल्यात, भाड्याच्या खोलीत बसून मी परगावच्या एका वकिली कचेरीसाठी टिपणं लिहिते. त्या दिवशीचं प्रकरण एका कंपनीचं होतं. तिने परदेशात खाण काढली आणि तिथल्या सरकारने परवाना रद्द केला. गुंतवणुकीला संरक्षण देणारे सरकारांमधले करार दोन, एक जुना, एक नवा, आणि दोन्ही चालू. कंपनीला दोन्हींखाली लवादात जायचं होतं. पण नव्या कराराची अट होती, दुसरीकडचा दावा सोडल्याचं लेखी द्या. यातून वाट काढून संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. मी चार वेळा उठले, चार वेळा चहा ठेवला.

त्यात पहिल्या बसने गावाहून बाबा आले. आमचं गाव सीमेवरचं, दोन्ही राज्यं त्याला आपलं म्हणतात. तिथे कुणी कागद फेकत नाही, दोन्हीकडचे जपतात. बाबांच्या पिशवीत इकडच्या, म्हणजे आदिलाबादच्या कचेरीचा फॉर्म होता. इतक्या वर्षांनी शेताचा पट्टा, म्हणजे मालकीचा कागद मिळणार होता, फक्त तिकडच्या नोंदीवरचा हक्क सोडल्याचं लिहून द्यायचं होतं.

"करून टाका ना सही," मी मान वर न करता म्हणाले.

"तिकडच्या कागदावर तुह्या मायचं नाव हाय."

माय जाऊन तीन वर्षं झाली होती. मी मान वर केली.

"तू काय लिवून राह्यली?" त्यांनी विचारलं. मी चिडतच सांगितलं.

"म्हंजे कंपनीले दोनी पायजे."

"हो."

"तिच्यासाठी डोकं लावून राह्यली. मंग माह्यासाठी काऊन नाही?"

मला लाज वाटली, सरळ सांगते. टिपण सोडून मी फॉर्मखाली एक ओळ लिहिली: 'तिकडचा दावा ताब्यापुरता सोडत आहे, नोंदीतलं पत्नीचं नाव काढण्यास संमती नाही.' बाबांनी ती दोनदा वाचून घेतली.

मग आम्ही दोघं आदिलाबादला गेलो. कचेरीत कारकुनाने बाबांना खुर्ची दिली, ओळ वाचली आणि हिंदी-तेलुगू मिसळून समजावलं की छापील मजकुरात भर चालत नाही. मग कोरा फॉर्म पुढे केला. बाबांनी पेन उचललं, बराच वेळ धरलं आणि खाली ठेवलं. दोन्ही फॉर्म पिशवीत गेले. पट्ट्याविना शेत कधीही हातचं जाईल, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

बसमध्ये चढताना ते म्हणाले, "तू लिवलं बराबर होतं."

संध्याकाळी मी टिपण पाठवलं, कंपनीसाठी तसलीच ओळ सुचवून: दावा सोडायचा, पण एवढ्यापुरताच. दहा मिनिटांत वकिलांचं उत्तर आलं, ओळ छान आहे, तशीच ठेवतो.