रिपीटचं वर्ष

बारावीला मला त्याच्यापेक्षा जास्त मार्क होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायची सोय राहत नाही.

लातुरात आम्ही एकाच क्लासला, एकाच बाकावर. त्याचे वडील तिथल्याच कॉलेजात प्राध्यापक, माझे लोह्याच्या बाजारात शिलाई मशीन चालवायचे. भूकंपाला फार दिवस झाले नव्हते. माझ्या भाड्याच्या खोलीच्या भिंतीला मोठा तडा होता आणि घरून येणारा प्रत्येक जण आधी तोच बघायचा, मग मला.

निकाल लागला. मेडिकल दोघांचंही हुकलं, माझं अगदी थोडक्यात. त्याच्या वडिलांनी चहा पिता पिता त्याला सांगून टाकलं, "रिपीट कर. वर्षभर अभ्यास कर, पुन्हा परीक्षा दे." आमच्या गल्लीत पास झालेल्या पोरानं पुन्हा बारावीला बसायचं म्हणजे तोंड दाखवायला जागा उरत नसे. "आन त्या हलणाऱ्या गावात आनखी येक साल? न्हाई," माझे वडील म्हणाले. डीएडला नंबर लागला तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. पोरगं गुरुजी होणार! मीही छाती फुगवून हिंडलो.

आता तो हाडांचा डॉक्टर आहे, लातुरात स्वतःचं हॉस्पिटल. मी झेडपीच्या शाळेत. खाऊन-पिऊन सुखी आहे, पण त्याच्या दारातली गाडी दिसली की माझ्या पोटात दुखतं. भल्या माणसाला वाटू नये ते सगळं मला वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात वडिलांचे गुडघे दाखवायला त्याच्याकडेच जावं लागलं. तो खुर्चीवरून उठून त्यांच्या पाया पडला, फी घेतली नाही. त्याचाही मला रागच आला. वडील ऐसपैस बसले आणि म्हणाले, "ह्याला तुज्यापेक्षा जास्ती मार्क व्हते की रे. मंग डॉक्टर तू कसा झालास?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

"बाबांनी रिपीट करायला लावलं ना, काका."

"म्हंजे येक साल वाया गेलं की तुजं!" वडील मनापासून हळहळले. मग माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "आमचं पोरगं बघ, येका दमात लागलं."

इतकी वर्षं मी त्याच्या पैशावर जळत आलो. त्या दिवशी मला त्याच्या बापाचा हेवा वाटला, आणि माझा बाप माझ्या मांडीवर हात ठेवून बसला होता.