दोन वर्षांचे उंदीर

मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीत खिडकीपलीकडच्या माणसानं इतकंच विचारलं होतं, की तुम्ही काम काय करता. "हृदयावर संशोधन," एवढं सांगून थांबायचं होतं. मी एरवी कुणाशी दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. पण घाबरले की सगळं खरं सांगून टाकायची मला शाळेपासूनची सवय आहे. मी सांगितलं, की आम्ही उंदरांच्या हृदयात जनुक पोहोचवतो आणि त्यासाठी निकामी केलेला व्हायरस वापरतो. व्हायरस म्हटल्यावर त्याची टायपिंग करणारी बोटं थांबली. त्यानं पासपोर्ट ठेवून घेतला आणि एक छापील कागद दिला. चौकशी चालू आहे, कळवू.

चुलतभावाच्या लग्नासाठी परदेशातल्या प्रयोगशाळेतून तीन आठवड्यांची सुट्टी काढून आले होते, आणि परत जायला व्हिसाचा नवा शिक्का लागणार होता. त्याला आता पाच महिने झाले.

गंगापूर रोडच्या फ्लॅटमधल्या माझ्या खोलीत गव्हाची कोठी आणि पप्पांची व्यायामाची सायकल आलीय. मी तिथेच झोपते. कोणी आलं की दार लोटून घेते, तरी बाहेरचं ऐकू येतंच.

"पोरगी अजून इथंच? लग्नबिग्न ठरवताय की काय गुपचूप?" शेजारच्या काकू.

"छे हो, वर्क फ्रॉम होम चाललंय तिचं," मम्मी म्हणाली.

"उंदरांचं? घरून?" काकू हसायला लागल्या. "मग आमच्या माळ्यावर दोन आहेत, तेही घे म्हणावं."

मलाही हसू आलं. पण बाहेर गेले नाही.

माझे उंदीर तिकडे प्रयोगशाळेत होते. जन्मल्यापासून मी वाढवलेले, कारण मला म्हातारं हृदय बघायचं होतं आणि म्हातारपण विकत मिळत नाही. ते दोन वर्षांचे झाले, की मानेतल्या धमनीतून केसासारखी बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची आणि दाब मोजायचा. मोजल्यावर उंदीर वाचत नाही, म्हणून प्रत्येकाची एकच संधी. मी आले तेव्हा वीस होते. दोन वर्षांचे होईपर्यंत चौदा उरले.

एका संध्याकाळी आमच्या प्रमुख बाईंचा कॉल आला. तिकडे सकाळ होती. बाई अगदी मायेनं बोलल्या. आणखी थांबलो तर उरलेलेही पिंजऱ्यातच मरतील. नवीन आलेली मुलगी मोजमाप करू शकेल, पण मग शोधनिबंधावर पहिलं नाव तिचं, तुझं दुसरं. सोमवारपर्यंत सांग.

"ओके," मी म्हटलं. कॉल संपल्यावर मलाच कळेना, नक्की कशाला ओके म्हटलं.

रविवारी पप्पा मला बळेच गाडीत घालून विंचूरला घेऊन गेले. त्यांचा कांद्याचा व्यापार आहे. खळ्यावर बायका ओळीनं बसून कांदा निवडत होत्या. पप्पांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग विचारलं, "अजून दोन महिने कळ काढतील का ते उंदीर?"

"सांगता येत नाही."

"मग सडू द्यायचं का सगळं, दुसऱ्याच्या नावावर जाईल म्हणून?"

"पप्पा, माल नाहीये तो."

"बरं, नसंल." त्यांनी एक नासका कांदा उचलून बाजूला टाकला. "मला नाय कळत त्यातलं. पण नावही नाय आणि उंदीरही नाय, असं नको व्हायला."

तिला उंदीर देऊ नकोस, असं त्यांनी म्हणावं म्हणून मी वाट बघत होते. समोर हायवेला लागणारा रस्ता होता. तिथून हवं तिकडे जाता आलं असतं, फक्त प्रयोगशाळेतल्या त्या एका खोलीत नाही.

सोमवारी मी बाईंना सांगितलं, "तिला करू द्या. पण मी प्रत्येक वेळी कॉलवर असेन."

गुरुवारी पहिला. मी लॅपटॉप त्या गव्हाच्या कोठीवर ठेवला. पडद्यावर फक्त तिचे हातमोजे दिसत होते आणि भुलीखालचा उंदीर, शेजारच्या चौकटीत दाबाचा रिकामा आलेख. कानावरची खूण वाचून तिनं विचारलं, "हाच ना?" खूण बघायची मला गरज नव्हती. पाठीवरचे केस गेलेला तो एकटाच होता.

"हाच. नळी थोडी डावीकडे वळव. ढकलू नकोस, आपोआप जाईल."

माझ्या हातात पेन होतं, ते मी डावीकडे वळवून धरलं होतं. मग आलेखावर रेघ उमटली, स्वच्छ, एकसारखी. दोन वर्षं मी याच रेघेसाठी थांबले होते. ती आनंदानं ओरडली, "मिळालं! मला मिळालं!"

"हो," मी म्हटलं. "आकडा लिहून घे आधी. मग पुढचा आण."