उताऱ्यातली सातवी ओळ

माझा धाकटा काका परराष्ट्र खात्यात होता, असं आमच्या घरी पाहुण्यांना छाती फुगवून सांगितलं जायचं. ते खरंच होतं. फक्त पुढचं कोणी सांगत नसे. तो शहराबाहेरच्या उपग्रह केंद्रात टेलिप्रिंटरसमोर बसायचा आणि दर दोन तासांनी शेजारच्या देशाला पाण्याची टाकी कशी धुवावी ते कळवायचा.

त्या देशाशी आपलं विळ्या-भोपळ्याचं सख्य. आधी दोन्ही राजधान्यांमध्ये जमिनीखालून तार होती. ती वळसा घेऊन तिसऱ्याच देशातून जायची; तिथे रस्ता खणणाऱ्यांनी ती तीनदा तोडली आणि तिन्ही वेळा दोन्ही सरकारांनी एकमेकांवर डोळे वटारले. म्हणून मग उपग्रह. निरोप छत्तीस हजार किलोमीटर वर जाणार, तेवढाच खाली येणार आणि पोचणार डोंगरापलीकडे. काका-काकूंचं वाजलं की आमच्या घरातली बोलणीही अशीच माझ्या आईमार्फत चालत, त्यामुळे मला यात काही नवल वाटलं नाही.

लाइन जिवंत आहे ना, हे तपासायला सम तासांना आपण आणि विषम तासांना त्यांनी एक ठरलेला उतारा हाताने टाइप करून पाठवायचा. त्यात राजकारण नको, हवामान नको, खुशाली तर मुळीच नको. आपल्या समितीने टाकी निवडली, त्यांच्या समितीने लाकडी कपाट. बारा वर्षं कपाट वाचून वाचून काका त्यांची भाषा शिकला. म्हणजे त्या भाषेत त्याला प्यायला पाणी मागता आलं नसतं, पण बिजागरी बसवता आली असती. पलीकडचा माणूस चौथ्या ओळीपाशी नेहमी थबकायचा. चष्मा वर करत असणार, असं काकाने परस्पर ठरवून टाकलं होतं.

मग सीमेवर गोळीबार झाला, वकिलाती बंद झाल्या आणि बोलायला ही एकच लाइन उरली. उतारा चुकला तर लाइन भलत्याच्या हाती गेली असं समजून ती तोडायची, असा नियम होता. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या उताऱ्यात सातवी ओळ आलीच नाही. सहावीत फळ्यांना गोंद लावला आणि लगेच आठवीत कपाट उभं.

काकाच्या मागे उभे असलेले साहेब म्हणाले, "तोडा."

"साहेब, विसरलाय तो. तीन दिवस घरी गेला नसेल बिचारा."

"तुम्हाला काय माहीत?"

"चौथ्या ओळीला थांबला ना. माणूस तोच आहे."

"थांबणं नियमात आहे का?"

नव्हतं. साहेब हुकूम लिहायला टेबलाकडे वळले. आणि जन्मात कधी रांग न मोडलेल्या माझ्या काकाने त्या माणसाच्या भाषेत टाइप केलं, 'गोंद पूर्ण वाळू द्यावा.'

यंत्र गप्प झालं. साहेब हातात पेन घेऊनच परत आले. मग सगळा उतारा पुन्हा आला, सातव्या ओळीसकट, आणि शेवटी एक शब्द जास्तीचा. कपाटात नसल्यामुळे तो काकाला येत नव्हता. साहेबांनी शब्दकोश काढला. शब्द होता, 'विसरलो'.

लाइन राहिली. तीन आठवड्यांनी तिच्यावरूनच दोन्ही मंत्री बोलले आणि फौजा मागे फिरल्या. काकाच्या वाट्याला चौकशी आली, शत्रुराष्ट्राशी विनापरवाना संपर्क केल्याबद्दल. फॉर्म त्याने प्रामाणिकपणे भरला. सदर व्यक्तीशी ओळख आहे काय? आहे. किती वर्षांची? बारा. नाव? माहीत नाही. वर्णन? पाहिलेलं नाही. चौकशी समितीने महिनाभर खल केला आणि 'ओळख सिद्ध होत नाही' असा शेरा मारून त्याला निर्दोष सोडलं.

काकूच्या जिवात जीव आला. काका मात्र घरी आला तो रागाने लाल होऊन. जेवलाही नाही. "ओळख नाही म्हणे! बारा वर्षं!" एवढंच तो म्हणत राहिला. मला तेव्हा हसू आलं होतं, त्याची आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या निर्दोष सुटकेविरुद्ध अर्ज केला.