पुढच्या विमानाचा वारा

आमच्या अक्काला वळसंगहून सोलापूरला आणायचं म्हटलं तरी नाकी नऊ येतात. तीच अक्का यंदा विमानानं दिल्लीला निघाली, आणि तीसुद्धा लाल किल्ला बघायला नव्हे. तिची लेक पल्लवी विमानात केबिन क्रू आहे. गेल्या वर्षी विमानाला मोठा हिसका बसला, उभी असलेली पल्लवी आपटली आणि घोटा मोडला. हाड जुळलं, ती पुन्हा कामावर गेली. पण अक्काचं एकच पालुपद, नोकरी सोड. शेवटी मायलेकींचा करार झाला. "तुझ्या इमानात बसून बगते. मी न्हाय म्हटलं की सोडायची." पल्लवी कबूल झाली आणि पंच म्हणून मला, धाकट्या बहिणीला, सोलापुरातून उचललं.

विमान हैदराबादहून होतं. पहाटे भाच्यानं, पल्लवीच्या भावानं, गाडी काढली; आम्हाला सोडून तो परतणार होता. नळदुर्ग, उमरगा, जहिराबाद असा रस्ता. रस्ता छान आहे, पण कंटेनरवाले अंगावर येतात, तेव्हा सांभाळून. खाणं घरचंच न्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणीपुढे वाटेतलं काहीच मला रुचलं नाही. विमानतळ शहराबाहेर आहे, त्यामुळे रिंगरोड धरलात तर गर्दीत शिरावं लागत नाही.

मुक्काम हैदराबादला पल्लवीच्या खोलीवर केला. जेवताना मी तिला हिसक्याचं विचारलं.

"मावशी, कंटेनर शेजारून गेला की आपली गाडी हलते ना? तसंच. मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे सुटतात. दिसत नाहीत, पण बराच वेळ मागं राहतात. लहान विमान त्यात शिरलं की हिसका बसतो. म्हणून दोन विमानांत अंतर ठेवतात."

"मग जादा ठिवायचं की!" अक्का म्हणाली.

"ठेवतात गं. तरी कधीतरी सापडतंच. बसलेल्याला सहसा काही होत नाही, उभा असलेला आपटतो."

दुसऱ्या दिवशी पल्लवीच्याच विमानात बसलो. माझी खिडकी, अक्का मधे, कडेची खुर्ची रिकामी. पल्लवी ट्रॉली ढकलत सगळ्यांना चहा देत होती आणि इकडे अक्काची चुळबुळ सुरू. लेक राबतेय आणि आपण बसायचं म्हणजे काय! दिल्ली जवळ आली तशी तिनं पट्टा सोडला, उठली आणि पुढच्या ओळीतले रिकामे पेले गोळा करायला लागली. लोक बघत राहिले. मला हसू आवरेना.

पल्लवी झपाझप आली. "आई, बस. पट्टा लाव."

अक्का बसून पट्टा लावते, तेवढ्यात घोषणा झाली. पुढे मोठं विमान उतरतंय, क्रूनं ताबडतोब बसावं. पलीकडचे आजोबा नेमके तेव्हाच पाणी मागत होते. पल्लवीनं त्यांना हातानं थांबवलं, आमच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि पट्टा आवळला.

"अगं, ते पाणी मागायलेत की! देऊन ये, मग बस," अक्का कुजबुजली.

"आई, मागच्या वेळी मी हेच केलं होतं. घोषणा झाली होती. पण एका बाईंना पाणी द्यायचं राहिलं होतं."

विमान कलंडलं आणि खाली गेलं. क्षणात सावरलंही. अक्कानं लेकीचं मनगट धरलं होतं. पल्लवी उठली, ती पायलटनं सांगितल्यावरच. आजोबांना पाणी दिलं आणि पुढं गेली.

विमान थांबलं तसा अक्कानं पट्टा सोडला. मग म्हणाली, "समद्यांचं झाल्याबिगर बसू नको, हे मीच शिकवलंय की तिला." तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, कारण आम्हा दोघींना ते आमच्या आईनं शिकवलं होतं.

दिल्ली दोन दिवस पाहिली. ऊन फार, छोले झकास, मेट्रो सोयीची. परतीला रेल्वेनं थेट सोलापूर गाठलं, तेही आरामात.

वळसंगला अक्काला सोडलं तेव्हा दाजींनी जेवायला थांबवून घेतलं. दाजी आणि भाचा बसले. अक्कानं तव्यावरच्या भाकऱ्या टोपलीत घातल्या, टोपली मधे ठेवली, माझं ताट घेतलं, आपलंही घेतलं आणि बसली. दाजी चमकून बघत होते.

"पोरीचं काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

"करू दे की नोकरी. बसायचं कवा, ते कळलंय तिला."

"बरं. जरा पाणी आण."

"तांब्या तितं हाय. मी जेवायलेय."

दाजी उठले. अक्कानं भाकरी मोडली, तिच्यातून वाफ निघाली. अक्काला गरम भाकरी खाताना मी पहिल्यांदाच बघत होते.