सावंतची सुई आणि माझं बी.एस्सी.

देवीची लस टोचत चाळीचाळींतून फिरणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत, तेच अंगाला चिकटतात. आमच्या परळच्या लस केंद्रात चहाबरोबर रोज एखादा निघतोच. दुःख एवढंच, की प्रत्येकात हिरो दिगू सावंत!

आम्ही दोघं एकाच दिवशी लागलो. मी बी.एस्सी., तो मॅट्रिक. मराठी राज्य येईल तेव्हा त्यात देवीचा एकही रोगी नसावा, हे माझं स्वप्न. सावंतला स्वप्नं पडत नाहीत, झोप छान लागते.

*

मी दारात उभा राहून जंतू म्हणजे काय ते समजावतो. सावंत आत वाकून विचारतो, ‘‘वयनी, पेज उरली हा काय?’’

माझे जंतू संपेपर्यंत त्याचा मजला टोचून झालेला असतो. वर पोटही भरलेलं!

*

एकदा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला चाळीच्या चाळी ओस पडल्या. मी साहेबांना सांगितलं, ‘‘आज टोचायला माणूसच नव्हता.’’

मागून सावंत आला. लस संपलेली! ‘‘साहेब, मोर्च्यात गेलो. उजवी मूठ वर, डावा दंड माझ्याकडे!’’

साहेब पोट धरून हसले. त्याच मोर्च्यात मीही घसा बसेपर्यंत ओरडत होतो. लसीची पेटी खांद्यालाच होती!

*

ताप-पुरळाची खबर काढणं हेही आमचंच काम. लालबागहून एक बाई धावत आल्या. ‘‘सावंत कुठायत? आमच्या शेजारी पोराच्या अंगावर फोड आलेत.’’

‘‘मला सांगा ना, मीही तेच काम करतो.’’

‘‘नको हो, तुम्ही लेक्चर द्याल. पोर आजारी आहे!’’

निघाल्या कांजिण्या. पोराचं संकट टळलं म्हणून सगळे खूश झाले. मी जरा जास्तच खूश झालो. सावंतची खबर फुकट गेली होती!

*

लोअर परळची एक चाळ माझ्याकडे होती. शेजारच्या चाळीत खरोखरीच देवीचा रोगी निघाला. आणि माझ्या चाळीत सखूआजी तान्ह्या नातवाला टोचू देईना! सून रडत होती, मी ओरडत होतो, आजी दार अडवून उभी.

साहेब म्हणाले, ‘‘सावंतला ने.’’

नेला. काय करणार? पोर महत्त्वाचं!

सावंतने गोड हसून पाहिलं. आजी म्हणाली, ‘‘दात नगं दावू. आदी तुमी एकमेकास्नी टोचा. मला बगू दे.’’

सगळी चाळ गॅलरीत जमली. सावंतने मला टोचलं. मोरपीस फिरल्यासारखं! ‘‘वा!’’ बायका म्हणाल्या.

मग मी सुई हातात घेतली. पेज, मोर्चा, लालबागच्या बाई, सगळं त्या सुईच्या टोकावर येऊन बसलं.

‘‘अगो आये!’’ सावंत किंचाळला. चाळ खो खो हसली.

आजी हसली नाही. दोघांचे दंड तिने निरखून पाहिले. सुनेच्या कडेवरून नातू घेतला आणि थेट माझ्यासमोर धरला.

‘‘ह्यो टोचंल. असल्या हाताला देवी बी वचकून आसती.’’